समुद्रात सूर, मानेत स्क्रू

लाँग वीकेंड जवळ आला की ऑफिसच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. 'लोणावळा नको, मरणाची गर्दी' ही एक आणि 'अलिबाग काय, दरवेळचंच' ही दुसरी. मग कुणीतरी हळूच टाकतं, 'हरिहरेश्वर?' आणि चक्क एकमत होतं! पुणेकर ताम्हिणी उतरून माणगावला येतात, मुंबईकर गोवा हायवेला शिव्या घालत त्याच माणगावला पोचतात. म्हसळ्याच्या पुढे नारळी-पोफळीच्या वाड्या दिसायला लागल्या की एसी बंद, काचा खाली. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम. त्यानंतर डोंगराला वळसा घालत खडकांवरून जाणारी प्रदक्षिणा, तीही ओहोटी असेल तरच. दुपारी सुरमई नाहीतर उकडीचे मोदक (किंवा दोन्ही, कोण बघतंय!) आणि चारच्या सुमाराला सगळी गँग बीचवर.

इथपर्यंत सगळं झकास. आता पुढचा सीन बघा. पाणी कमरेएवढं. मागे कुणीतरी मोबाइल रोखून उभं, 'चल, मार उडी!' आणि आपला हीरो धावत येऊन डोक्यावर सूर मारतो. नेमकी तेव्हाच लाट मागे सरकते. कमरेचं पाणी गुडघ्यावर आलेलं असतं आणि त्याखाली असते ओली, घट्ट, फरशीसारखी वाळू.

समुद्रात बुडायची भीती सगळ्यांना असते. प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने ओढून नेण्याबद्दलही ऐकलेलं असतं. पण मान मोडू शकते हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. म्हणून या वेळी मानेबद्दल, आणि ती मोडली तर आज डॉक्टर छोट्याशा छेदातून, स्क्रीनवर बघत बघत ती कशी जोडतात त्याबद्दल. टेक्नॉलॉजी भारी आहे, त्यात वाद नाही. पण त्या ऑपरेशन टेबलापर्यंत माणूस कसा पोचतो, यावर अर्धी लढाई ठरते. आणि तो भाग डॉक्टरांच्या हातात नसतो, तुमच्या-माझ्या हातात असतो.

मानेत सात मणके. एरवी ते हलकी कमान करून उभे असतात, त्यामुळे धक्का बसला तर मान थोडी स्प्रिंगसारखी दबते. सूर मारताना आपण हनुवटी जरा छातीकडे घेतो आणि ती कमान सरळ होते. डोकं वाळूवर थांबतं, धड मात्र थांबत नाही. साठ-सत्तर किलो वजन मागून येऊन त्या सरळ काठीवर आदळतं. बहुतेक वेळा पाचवा किंवा सहावा मणका फुटतो आणि त्याचे तुकडे मागे सरकतात. मागे काय असतं? करंगळीएवढा जाड मज्जारज्जू. मेंदूकडून हातापायांकडे जाणारं सगळं वायरिंग! त्याच्याही वरच्या भागाला, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याजवळ मार बसला, तर श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसाच अडचणीत येतात.

सूर मारणं हे एकच कारण नाही. श्रीवर्धन पट्ट्यात नारळ-सुपारी पाडणारे गडी रोज उंच झाडांवर चढतात, तिथून पडलं तर मान आणि कंबर दोन्ही जातात. मागच्या सीटवर बेल्ट न लावता झोपलेल्या मित्राचं कपाळ घाटात पुढच्या सीटवर आदळतं, ते वेगळंच. आणि पायऱ्या! कॅनडात २००१ मध्ये डॉक्टरांसाठी एक नियमावली प्रसिद्ध झाली, जखमी माणसाच्या मानेचा फोटो कधी काढायचा याची. त्यात तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं हे 'धोकादायक' गटात आहे, आणि सूर मारून डोकं आपटणंही. फक्त पाच पायऱ्या, राव. प्रदक्षिणेच्या वाटेवर किती आहेत, आठवून बघा.

आता बीचवरची पाच मिनिटं. आपला हीरो पाण्यात उपडा तरंगतोय. हात हलत नाहीत. मित्रमंडळी काय करणार? धावत जाणार, काखेत हात घालणार, फरफटत वाळूवर आणणार, बसवून पाठीवर थापट्या मारणार आणि पाणी पाजणार. सगळं प्रेमापोटी. आणि यातली प्रत्येक गोष्ट फुटलेल्या मणक्याचा तुकडा आणखी आत ढकलू शकते.

करायचं ते असं. डोकं, मान आणि धड एका रेषेत धरून त्याला उताणा करायचा. तोंड पाण्याबाहेर. श्वास चालू आहे का ते बघायचं. श्वास नसेल तर मानेचा विचार बाजूला ठेवून आधी श्वास आणि छाती दाबणं, कारण श्वासच नसेल तर मान वाचवून उपयोग काय? श्वास चालू असेल तर एकाने दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवायचं आणि ते सोडायचंच नाही. बाकीच्यांनी त्याला एखाद्या सपाट फळीवर घ्यायचं. कुशीवर वळवायची वेळ आली (उलटी होत असेल तर येतेच) तर लाकडाचा ओंडका लोळवतात तसं, सगळ्यांनी एकदम, 'एक-दोन-तीन' म्हणून. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावायचे, नाहीतर पिशव्यांत वाळू भरून त्या ठेवायच्या. वाळूला तिथे तोटा नाही! बाइकवरून पडलेला असेल आणि नीट श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. आणि १०८ ला फोन. ही सरकारी अॅम्ब्युलन्स सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे, आणि सोबत डॉक्टर असतो.

आपल्या स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर बसवून 'चल, मुंबईलाच नेतो' हा सगळ्यात वाईट निर्णय. हरिहरेश्वरहून माणगाव साठेक किलोमीटर, आणि तो रस्ता वळणावळणांचा. प्रत्येक वळणाला डोकं डावीकडे, उजवीकडे. श्रीवर्धनला उपजिल्हा रुग्णालय आहे, माणगावलाही आहे. तिथे मान बांधून, सलाइन लावून, ब्लडप्रेशर सांभाळून मग पुढे पाठवलेला पेशंट आणि थेट कारमधून आणलेला पेशंट यांत फरक पडतो. मज्जारज्जूला मार बसला की बीपी घसरतं, आणि घसरलेल्या बीपीत जखमी रज्जूला रक्त कमी मिळून नुकसान वाढतं.

अजून एक. 'चालत आला ना, मग काही नाही' हे डायलॉग बंद करा. मणका मोडलेला असूनही माणूस चालू शकतो, कारण तुकडा अजून सरकलेला नसतो. पोटात चार बिअर असतील तर दुखणंही कळत नाही. मान दुखतेय, बोटांना मुंग्या येतायत, ग्लास हातातून निसटतोय, मान दोन्ही बाजूंना अर्धीसुद्धा वळत नाही, यातलं काहीही असेल तर झोपवा आणि हलवू नका.

मग हॉस्पिटल. नवी मुंबई, मुंबई किंवा पुणे. सीटी स्कॅन, एमआरआय आणि आता ऑपरेशन. 'मिनिमली इन्व्हेजिव्ह', 'इमेज-गाइडेड' हे शब्द इथे कानावर पडतात आणि नातेवाईकांना वाटतं, चला, लेझरसारखं काहीतरी असेल, दोन दिवसांत घरी! जरा थांबा.

आधी जुनी पद्धत कशी होती ते बघू, म्हणजे नव्याचं मोल कळेल. मानेच्या मागून उभा लांब छेद घ्यायचा, स्नायू हाडावरून खरवडून दोन्ही बाजूंना ओढायचे आणि मग हाडाला तारा किंवा स्क्रू. मानेचे स्नायू म्हणजे डोकं दिवसभर तोलून धरणारी माणसं. ती एकदा उचकटली की बरी व्हायला वेळ घेतात आणि कुरकुरतही राहतात. कुणाला ऑपरेशन झेपणार नसेल तर 'हेलो'. नाव गोड, पण वस्तू भयंकर! कवटीला पिना ठोकून बसवलेली धातूची रिंग, तिच्यापासून खाली छातीवरच्या जॅकेटपर्यंत दांडे, आणि हे सगळं तीन-तीन महिने अंगावर.

या गोष्टीत मुंबईचा एक मोठा धडा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके म्हणजे ॲटलास आणि ॲक्सिस. कवटीचा भार ॲटलासवर, आणि ॲटलास फिरतो ॲक्सिसच्या दातासारख्या सुळक्याभोवती. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळ्याभोवती फिरतो तसा. हा सांधा निखळला तर तो जोडायला पूर्वी मुख्यतः तारा बांधायचे आणि त्या सैल व्हायच्या. परळच्या केईएम हॉस्पिटलमधले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून वेगळा मार्ग धरला. दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या भरीव हाडात थेट स्क्रू घालायचे आणि ते पट्टीने जोडायचे. १९९४ मध्ये डॉ. लाहेरी यांच्यासोबत त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे २००१ मध्ये जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी पट्टीऐवजी फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि दांडी वापरून त्याचंच रूप मांडलं. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हे तंत्र 'गोयल-हार्म्स' नावाने आहे. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलमधून निघालेली गोष्ट आहे ही, जिथे केस पेपरसाठी सकाळी रांग लागते!

तेव्हा ते ऑपरेशन छोट्या छेदाचं नव्हतं, चांगलं उघडून करायचं होतं. पण हाडात नेमका कुठे आणि किती तिरका स्क्रू बसतो हा नकाशा त्यातून पक्का झाला. छोट्या छेदाचं काम नकाशाशिवाय होत नाही. आत दिसतच नसेल तर आधी माहीत तर पाहिजे.

आणि जागा किती, ते ऐका. मानेच्या मधल्या मणक्यांत ज्या हाडाच्या बोळातून स्क्रू न्यायचा तो साधारण पाच मिलिमीटर रुंद. स्क्रू साडेतीन मिलिमीटर जाड. बोळाच्या आतल्या भिंतीला लागून मज्जारज्जू आणि बाहेरच्या भिंतीला मेंदूला रक्त नेणारी धमनी. दादरच्या गल्लीतून टेम्पो काढणं यापुढे सोपं वाटेल. इथे इमेज-गाइडेड प्रकार कामी येतो. पेशंट टेबलावर, डोकं तीन पिनांच्या चिमट्यात पक्कं. सी-आकाराचं एक्स-रे मशीन, किंवा अंगाभोवती पूर्ण गोल फिरणारा स्कॅनर, तिथल्या तिथे थ्री-डी चित्र घेतो. पेशंटला आणि सर्जनच्या हत्यारांना चमकते छोटे गोळे लावलेले असतात, इन्फ्रारेड कॅमेरा ते सतत बघत असतो. मग स्क्रीनवर पेशंटच्याच स्कॅनमध्ये हत्याराचं टोक चालताना दिसतं. थोडक्यात, मानेतलं जीपीएस. छेद दीड-दोन सेंटिमीटरचा, एकात एक नळ्या सरकवत स्नायू कापायचे नाहीत, फक्त बाजूला सारायचे आणि त्याच नळीतून स्क्रू.

आता जीपीएस म्हटल्यावर तुम्हाला आठवलंच असेल, मॅपने कधीतरी भिंतीसमोर आणून सोडलं होतं ते. इथेही तेच आहे. स्कॅन घेतल्यावर मणका जागचा हलला तर स्क्रीनवर जुनंच चित्र दिसत राहतं. आणि मोडलेली मान ही मुळातच हलणारी मान! त्यामुळे चांगला सर्जन मध्येच हत्याराचं टोक एखाद्या ओळखीच्या हाडावर टेकवून बघतो, स्क्रीन खरं सांगतेय की नाही. शंका आली तर पुन्हा स्कॅन. नॅव्हिगेशनमुळे स्क्रू चुकीच्या जागी जाण्याचं प्रमाण घटतं असं बहुतेक अभ्यास सांगतात, पण मशीन अनुभवाच्या जागी बसत नाही.

माझं सगळ्यात आवडतं ऑपरेशन मात्र याहून जुनं आणि साधं आहे. आवडतं म्हणजे वाचायला हो, करून घ्यायला नव्हे! घाटातल्या अपघातात तो दातासारखा सुळका मुळाशी मोडतो. मागून दोन्ही मणके कायमचे जोडले तर मान वाचते, पण मानेचं वळणं जवळजवळ निम्मं कमी होतं, कारण तेवढं वळण त्या एकाच सांध्यात असतं. रिव्हर्स घेताना मागे वळून बघणं संपलं. त्याऐवजी गळ्याच्या पुढून, खालच्या बाजूला छोटा छेद घेतात. पेशंटचं तोंड उघडं ठेवून एक एक्स-रे समोरून बघतो, दुसरा बाजूने. बारीक तार मणक्यातून तिरकी वर चढवत थेट त्या मोडक्या सुळक्यात नेतात आणि तारेवरूनच पोकळ स्क्रू ओवतात. ऑस्ट्रियाचे योर्ग बोहलर यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली. सांधा मोकळाच राहतो, मान पूर्वीसारखी वळते. अट एवढीच की मोड ताजा हवा, त्याची रेषा सोयीची हवी आणि सुळक्याला धरून ठेवणारा पट्टा शाबूत हवा.

आपल्या बीचवरच्या हीरोला मात्र यातलं बरंचसं लागू नाही. त्याचा पाचवा मणका फुटलाय, तुकडे रज्जूवर दाबतायत. ते काढायला पुढूनच जावं लागतं. गळ्याच्या घडीत चार-पाच सेंटिमीटरचा आडवा छेद, श्वासनलिका आणि अन्ननलिका अलगद बाजूला, स्नायूंच्या मधून वाट, फुटका मणका बाहेर, त्या जागी हाड भरलेला पिंजरा आणि वर टायटॅनियमची पट्टी. याचा पाया १९५० च्या दशकात अमेरिकेत रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी घातला. यात कुठलंही झगमगीत नाव नाही, तरी स्नायू जवळजवळ कापावेच लागत नाहीत. थोडे दिवस आवाज बसतो, गिळताना त्रास होतो, एवढं लक्षात ठेवा. अशा पेशंटसाठी 'आम्हाला दुर्बिणीनेच करून द्या' असा हट्ट करणाऱ्या नातेवाईकांना कुणीतरी चहा पाजून शांत बसवायला हवं. छेद किती लहान हा प्रश्न चौथा-पाचवा. पहिला प्रश्न, रज्जूवरचा दाब पूर्ण निघणार का? दुसरा, मान पक्की होणार का?

आणि तिसरा, कधी? २०१२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सहा केंद्रांचा एक अभ्यास आला, मानेच्या मज्जारज्जूला मार बसलेल्या ३१३ पेशंट्सचा. २४ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी १९.८ टक्के पेशंट सहा महिन्यांनी दोन किंवा अधिक श्रेणींनी सुधारले होते. उशिरा झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ८.८ टक्के. एक श्रेणी म्हणजे काय? कुणाला नुसतं स्पर्शाचं भान, कुणाला पाय हलवता येणं. मधलं अंतर केवढं ते तुम्हीच ठरवा. म्हणून हॉस्पिटल निवडताना 'त्यांच्याकडे नॅव्हिगेशन आहे' यापेक्षा 'त्यांचा स्पाइन सर्जन आज रात्री करणार आहे' हे मोलाचं. ज्या हॉस्पिटलला पाठवताय तिथे निघायच्या आधी फोन करा. एमआरआय चालू आहे का, सर्जन गावात आहे का, आयसीयूत बेड आहे का. हे तीन प्रश्न अॅम्ब्युलन्समध्ये बसूनही विचारता येतात.

पैशांचं थोडक्यात. इम्प्लांट महाग असतात, नॅव्हिगेशनचा आकार वेगळा लागू शकतो. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये इम्प्लांटवर मर्यादा आहे का, हे पॉलिसीच्या पीडीएफमध्ये आत्ताच बघून ठेवा (ती पीडीएफ एचआरच्या मेलमध्ये न उघडलेली पडली असेल). महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सहभागी रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रस्त्यावरचा अपघात असेल तर २०२५ मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंतचे कॅशलेस उपचार आहेत. समुद्रात सूर मारणं मात्र रस्ता-अपघात नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

आणि स्क्रू हाडं धरतो, रज्जू शिवत नाही. तो आपला आपण किती सावरेल ते पुढच्या महिन्यांत कळतं. त्या महिन्यांचं काम वेगळ्याच जागी चालतं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. युद्धात जखमी झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक सेंटर १९७४ पासून. अशा ठिकाणी शिकवतात ते फार साधं वाटतं. दर दोन तासांनी कूस बदलणं, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. बोटं मिटत नसतील तर मनगट मागे वळवून कप धरणं. व्हीलचेअरवरून फळीवर सरकत गाडीच्या सीटवर जाणं. सव्वीस वर्षांच्या मुलाला हे शिकायला चार-सहा महिने लागतात, आणि घरातल्या एकाला तरी त्याच्याबरोबर सगळं शिकावं लागतं.